थेंबभर रक्ताचा हिशेब

लस घेतली की संरक्षण मिळाले, हे समीकरण करोनाच्या साथीत आपल्या मनात इतके दृढ झाले की, ज्यांना ते लागू पडत नाही असा रुग्णांचा एक मोठा वर्ग नजरेआडच राहिला. मूत्रपिंडाचे वा यकृताचे प्रत्यारोपण झालेले, रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेले, ल्युपससारख्या विकारासाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणारे, अशा सर्वांच्या दंडात तीच लस टोचली जाते आणि प्रमाणपत्रही तेच मिळते. प्रतिपिंडे मात्र तयार होतीलच असे नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांचे लसीकरण पूर्ण झालेले होते. तरीही ऑक्टोबर २०२१ मध्ये करोनाजन्य गुंतागुंतीने त्यांचे निधन झाले. त्यांना मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग होता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी त्याच वर्षी प्रत्यारोपण झालेल्या ६५८ व्यक्तींची तपासणी केली, तेव्हा दोन मात्रांनंतरही ४६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली नाहीत.

मग अशा रुग्णाला आपले शरीर कोणत्या बाजूला आहे हे घरबसल्या कळू शकेल काय? ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून ‘मेलडी’ नावाच्या अभ्यासात हाच प्रयोग झाला. तीन वा अधिक मात्रा घेतलेल्या रुग्णांकडे टपालाने चाचणीचे साहित्य गेले. बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर सोडायचा, रेघ उमटते का ते पाहायचे आणि निष्कर्ष कळवायचा. एकवीस हजारांहून अधिक लोकांच्या या नोंदींत प्रत्यारोपणाच्या रुग्णांपैकी सुमारे ७७ टक्के, लसिकापेशींच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी ७९ टक्के आणि दुर्मीळ स्वप्रतिकार विकारांच्या रुग्णांपैकी ८६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. पुढील पाठपुराव्यात असेही दिसले की, ज्यांच्या पट्टीवर रेघ उमटली नाही त्यांना संसर्गाचा आणि रुग्णालयात दाखल होण्याचा धोका अधिक होता. म्हणजे ही घरगुती रेघ अगदीच निरर्थक नाही.

पण रेघ न उमटलेल्या माणसाने पुढे काय करायचे? तयार प्रतिपिंडांचे ‘इव्हुशेल्ड’ हे औषध अशा रुग्णांसाठीच होते. ब्रिटिश औषध नियंत्रकांनी मार्च २०२२ मध्ये त्याला मान्यता दिली आणि ऑगस्टमध्ये सरकारने ते खरेदी न करण्याचे ठरवले. ओमायक्रॉनवर ते किती काळ चालेल याचा पुरेसा पुरावा नाही, हे सरकारचे म्हणणे होते आणि ते निराधार नव्हते. नव्या उपप्रकारांपुढे औषध निष्प्रभ ठरल्याने जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेनेही त्याची परवानगी स्थगित केली. तथापि रुग्णाच्या बाजूने पाहिले तर चित्र विलक्षण होते. तुझ्यात प्रतिपिंडे नाहीत, एवढे त्याला कळले आणि त्यापुढचे दार बंद झाले.

माहितीला मूल्य येते ते तिच्यामुळे एखादा निर्णय बदलत असेल तरच, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक सिद्धांत येथे तंतोतंत लागू पडतो. डायलिसिसवरील रुग्णाला हेपॅटायटिस बी ची लस वाढीव मात्रेत देतात. शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडे मोजतात. ती दर मिलिलिटरला १० मिली-एककांहून कमी भरली तर पुन्हा लस देतात. मोजणी, उंबरठा आणि उपाय हे तिन्ही तेथे एका साखळीत आहेत. करोनाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने मोजमापाचे प्रमाण डिसेंबर २०२० मध्येच ठरवून दिले. परंतु अमुक पातळीच्या वर माणूस सुरक्षित, असा सर्वमान्य उंबरठा निश्चित झाला नाही. शिवाय प्रतिपिंडांखेरीज टी-पेशींचेही संरक्षण असते, ते या पट्टीवर दिसत नाही. लशीनंतरची प्रतिकारशक्ती जोखण्यासाठी या चाचण्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२१ मध्ये दिला तो यामुळेच.

चुकांचाही हिशेब मांडला पाहिजे. समजा, हजार रुग्णांपैकी ७७० जणांत प्रतिपिंडे आहेत, २३० जणांत नाहीत. चाचणी पहिल्या गटातील शंभरांपैकी दहांना हुकते आणि दुसऱ्या गटातील शंभरांपैकी दोघांना खोटी रेघ दाखवते असे धरू. तर ७७ जण विनाकारण धास्तावतील आणि चार-पाच जण विनाकारण निर्धास्त होतील. संख्येने पहिली चूक मोठी. किमतीने मात्र दुसरी. धास्तावलेला मुखपट्टी बांधून डॉक्टरांकडे जाईल. निर्धास्त झालेला लग्नाच्या पंगतीला जाऊन बसेल. चाचणी विकणाऱ्याला या दोन चुकांतील फरकाचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही.

आपल्याकडे मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या ‘कोव्हिसेल्फ’ या घरगुती चाचणीला आयसीएमआरची मान्यता मिळाली. पण ती आज संसर्ग आहे का एवढेच सांगणारी, प्रतिपिंडे मोजणारी नव्हे. हा भेद सुशिक्षितांच्याही लक्षात राहत नाही. त्यातही कोव्हिशिल्ड विषाणूच्या केवळ काटेरी प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे घडवते, कोव्हॅक्सिन संपूर्ण निष्क्रिय विषाणूची लस. कोव्हिशिल्ड घेतलेल्याने, दुसऱ्याच प्रथिनाचा शोध घेणारी चाचणी केली, तर लस लागू पडूनही उत्तर ‘नाही’ येऊ शकते.

याहून गंभीर गोष्ट धोरणाची आहे. दुर्बल प्रतिकारशक्तीच्या रुग्णांना तिसरी मात्रा अमेरिकेने ऑगस्ट २०२१ मध्ये, ब्रिटनने सप्टेंबरमध्ये मोकळी केली. भारतात १० जानेवारी २०२२ पासूनची ‘प्रिकॉशन’ मात्रा आरोग्य कर्मचारी, आघाडीचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेले साठ वर्षांवरील नागरिक यांच्यापुरती होती. पस्तिशीतील, मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या शिक्षिकेला १० एप्रिलपर्यंत थांबावे लागले आणि तेव्हाही खासगी केंद्रावर पैसे मोजावे लागले. सर्व प्रौढांना ती मोफत मिळाली १५ जुलैपासून, तीही ७५ दिवसांपुरती. निकष वयाचा होता, व्याधीचा एकट्याने नव्हता. त्या शिक्षिकेने स्वखर्चाने प्रतिपिंडे मोजून ती शून्य आहेत हे सिद्ध केले असते, तरी तिच्या रांगेत काही फरक पडला नसता.

म्हणून ही चाचणी औषधाच्या दुकानातील फळीवर मांडून मोकळे होण्यास माझा विरोध आहे. प्रत्यारोपण केंद्राने वा डायलिसिस कक्षाने स्वतःच्या रुग्णाला ती घरी पाठवावी, निष्कर्ष त्याच केंद्राने नोंदवावा आणि पुढची मात्रा वा औषधबदल त्याच डॉक्टरांनी ठरवावा, यास नाही. गावाहून आठवड्याला दोन-तीनदा एसटीने डायलिसिसला येणाऱ्या रुग्णाची एक फेरी वाचली तरी तो खर्च वसूल होतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून ज्यांचे डायलिसिस होते, त्यांची नावे, पत्ते आणि उपचार शासनाच्या दप्तरी आहेतच. पुढच्या साथीत लशीची पहिली खेप येईल तेव्हा वयाच्या यादीशेजारी ही यादीही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर असावी, यासाठी आज एका शासन निर्णयापलीकडे काहीही लागत नाही.