परत फिरण्याचे धाडस

हौस म्हणून छोटे विमान चालवणे आपल्याकडे अजून मोजक्यांनाच परवडते. तरीही वैमानिक होण्याचे स्वप्न पाहणारी मुले आपल्या प्रत्येक वर्गात आहेत. एनसीसीच्या एअर विंगचे नाव काढले की त्यांचे डोळे चमकतात. त्यांच्यासाठी, आणि खरे तर सर्वांसाठीच, या विषयावर दोन शब्द लिहावेसे वाटतात.

आकाशात वाट शोधण्याच्या मूळ रीती दोन. पहिली म्हणजे खालच्या नद्या, रेल्वेमार्ग, तलाव नकाशाशी ताडून पाहणे. दुसरी म्हणजे वेग, दिशा, वारा आणि घड्याळ यांवरून आपण कुठे असू याचा हिशेब करणे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले, तेव्हा त्यांच्या छोट्या विमानात रेडिओदेखील नव्हता. पुढे रेडिओची साधने आली, नंतर जीपीएस आले. आता बोटाएवढा ठिपका पडद्यावर आपली जागा दाखवतो.

मग जुनी विद्या कशाला, असे मुले विचारतील. कारण ठिपकासुद्धा चुकू शकतो. उपग्रहांच्या संकेतांत अडथळे आणले जातात, खोटे संकेतही सोडले जातात. याच कारणाने आपल्या डीजीसीएला नोव्हेंबर २०२३ मध्ये विमान कंपन्यांसाठी परिपत्रक काढावे लागले. आणि हिशेब काही फार अवघड नाही. दिशेत एक अंशाची चूक झाली तर साठ किलोमीटरवर विमान एक किलोमीटर बाजूला जाते. पाच अंशांची चूक म्हणजे पाच किलोमीटर! आठवीच्या मुलालाही हे गणित जमेल.

पण केवळ वाट माहीत असून भागत नाही. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेत जॉन एफ. केनेडी (धाकटे) पत्नी व मेहुणीसह स्वतःचे विमान घेऊन निघाले. विमानात जीपीएस होते, स्वयंचालक यंत्रणा होती. समुद्रावर धूसर हवा आणि काळोख, त्यामुळे क्षितिज दिसेना. केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचे त्यांचे प्रशिक्षण पूर्ण झालेले नव्हते. मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ विमान समुद्रात कोसळले आणि तिघेही गेले. चौकशीत दिशाभ्रम हे कारण निघाले. क्षितिज दिसेनासे झाले की कानातला तोल सांभाळणारा अवयव फसवतो. विमान कलत असते आणि आपल्याला वाटते, सरळ चाललो आहोत.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या वीस जणांवर प्रयोग झाला. बाहेरचे दिसेनासे केल्यावर वीसही जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. म्हणजे तीन मिनिटेसुद्धा नाहीत! मात्र सावकाश वळून मागे फिरण्याची साधी रीत शिकवल्यावर त्याच मंडळींना ते जवळजवळ प्रत्येक वेळी जमले. आम्हाला या प्रयोगाचा हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. परत फिरणे शिकवता येते.

आपल्याकडे मागे फिरणे म्हणजे माघार, असे मानण्याची सवय आहे. दर पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असताना त्यात गाडी घालणारे आपण पाहतोच. ‘एवढ्याने काय होते’ हे वाक्य जमिनीवर जितके घातक, तितकेच आकाशातही. निघण्यापूर्वी हवामान पाहावे, इंधन गरजेपेक्षा जास्त घ्यावे, कुठून परतायचे ते आधीच ठरवावे. वैमानिकाचे हे नियम मोटारसायकलवाल्यालाही लागू पडतात.

म्हणून विश्वस्त मंडळास आमची एक सूचना आहे. भूगोलाच्या तासांपैकी चार तास तरी नकाशा आणि होकायंत्र हातात देऊन मैदानावर घ्यावेत. खर्च फारसा नाही. पालकांनाही विनंती, की सहलीला जाताना कधीतरी मोबाईल खिशात ठेवून मुलांना रस्ता सांगू द्यावा. आणि विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी आकाशात गेलेच, तर उशिरा पोहोचलात म्हणून घरचे रागावणार नाहीत. तुम्ही सुखरूप परत यावे, एवढेच त्यांना हवे असते.