शेवटचा दिवस, रात्री बारा

संध्याकाळी लॅपटॉप जमा होतो, ओळखपत्र जमा होतं. बहुतेक कंपन्यांत त्याच रात्री बारा वाजता गटविम्यातलं नावही जातं. नव्या नोकरीत रुजू व्हायला दहा दिवस असतात. ते दहा दिवस त्या माणसाला विमा नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. मुलाच्या नोकरीमुळेच ज्यांना विमा होता, त्या आईवडिलांनाही नाही.

दहाच दिवस तर आहेत, असं सगळे म्हणतात. ज्या घरात वडिलांचं डायलिसिस चालू आहे तिथे कोणी म्हणत नाही. आठवड्याला दोन-तीन पाळ्या. दहा दिवसांत किती, ते त्या घराला तोंडपाठ असतं. घाईने नवी पॉलिसी घ्यावी, तर अपघात सोडून पहिले 30 दिवस काही मिळत नाही. जुन्या आजाराला तर 3 वर्षांपर्यंत थांबावं लागतं.

वाट आहे. गटविम्यातून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि गटात काढलेली वर्षं प्रतीक्षाकाळात धरली जातात. विमा नियामकानेच ही सोय करून दिली आहे. पण अर्ज, तपासण्या, मंजुरी यांना वेळ लागतो. नोटीस पीरियड 60 दिवसांचा, कुठे 90 दिवसांचा. एवढ्या दिवसांत एचआरमधून याबद्दल एक मेल येत नाही. परत करायच्या वस्तूंच्या यादीत चार्जरसुद्धा असतो. विम्याची ओळ नसते.

याउलट राज्य कामगार विमा पाहा. तो 1948 च्या कायद्याने आला. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी तो आज चालतो. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेल्या कामगाराची नोकरी 30 सप्टेंबरला सुटली, तरी त्याचा औषधोपचाराचा हक्क पुढच्या 30 जूनपर्यंत राहतो. नऊ महिने. या विम्याच्या दवाखान्यांबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्या खऱ्याही आहेत. पण काम सुटतं तेव्हाच माणूस अडचणीत असतो, हे तो कायदा करणाऱ्यांना कळलं होतं. त्याच शहरातल्या काचेच्या इमारतीत पाचपट पगार घेणाऱ्याला मात्र नऊ दिवसही मिळत नाहीत.

गटविम्याचा करार दरवर्षी नव्याने होतो. खोलीभाडं, बाळंतपण, सहहिस्सा यांवर घासाघीस होते. त्याच बैठकीत एचआरने आणखी एक अट मागावी: नोकरी सोडल्यावर कुटुंबासह 30 दिवस विमा चालू. नोटीसचे कमी पडलेले दिवस अखेरच्या हिशेबात वळते करून घेतातच. त्या 30 दिवसांचा हप्ताही तसाच कापून घ्या. डायलिसिसच्या घरातला माणूस त्याला नाही म्हणणार नाही.