बॉनेट उघडायचं कोणी?

मे महिना. बीडहून अंबाजोगाईला निघालेली आमच्या संस्थेची गाडी मांजरसुंब्याचा घाट चढत होती. गाडी मी चालवत होते. मागे केंद्रात आलेली एक बाई, तिची दोन मुलं आणि आमची एक कार्यकर्ती. बाईच्या पोटगीची तारीख होती. अर्ध्या घाटात काटा लाल पट्ट्यात गेला, बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी कडेला घेतली. आणि मग? एम.एस.डब्ल्यू. झालेल्या आम्ही दोघी एखादा पुरुष थांबायची वाट बघत उभ्या राहिलो.

थांबला एक. "ताई, तुम्ही बाजूला व्हा," म्हणाला. आम्ही झालो. त्याने रेडिएटरचं झाकण तसंच फिरवलं. उकळत्या पाण्याचा फवारा उडून त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. तरी पुढचा तासभर आम्ही त्याचंच ऐकत होतो! कोर्टात पोचेपर्यंत पुकारा होऊन गेलेला. पुढची तारीख दोन महिन्यांनी. ते दोन महिने त्या बाईने मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी भावजयीपुढे हात पसरून काढले.

मला चीड आली ती आमचीच. कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण उघडणारी बाई मला दाखवा. रेडिएटर म्हणजे दुसरं काय आहे? आत दाब ठेवला की पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. दाब एकदम सोडला की अंगावर येतं. हे आम्हाला रोज स्वयंपाकघरात कळतं. पण त्याच गोष्टीवर बॉनेट आलं की आमची अक्कल गहाण पडते.

पुढे गॅरेज. तिथल्या माणसाने "हेड गॅसकेट गेलं" म्हणून अठरा हजारांचं बिल केलं. आठ दिवसांत गाडी पुन्हा तापली. त्याने फसवलं की त्यालाही कळलं नव्हतं? मला आजही सांगता येत नाही. आणि माझं दुखणं नेमकं हेच आहे. ज्याला काही माहीत नाही त्याला लबाडी आणि अडाणीपणा यांतला फरकही कळत नाही.

शेवटी एस.टी.च्या आगारात मेकॅनिक असलेल्या एका मैत्रिणीला घरी बोलावलं. तिने पान्ह्याला हात लावायच्या आधी विचारलं, "कधी तापते?" घाटात आणि गर्दीत, मी म्हटलं. मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो. "मग आधी पंखा बघू." गाडी वेगात असली की वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, हळू चालली की तो पंख्यालाच ओढावा लागतो. उलट, वेगातच तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय का, पाणी फिरतंय का हे बघायचं.

थंड इंजिनवर झाकण उघडून पाणी पाहिलं. पुरेसं होतं. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, पाणी आपोआप कमी होत नाही. म्हणजे गॅसकेटवर संशय घ्यायला काही कारणच नव्हतं. (अठरा हजार!) मग इंजिन चालू केलं, एसी लावला. पंखा लगेच फिरायला हवा होता. नाही फिरला. फ्यूज शाबूत. तिने पंख्याचा रिले काढून त्याच जातीचा हॉर्नचा रिले तिथे बसवला आणि पंखा गरगर फिरला. नवा रिले अडीचशे रुपयांना आला.

पंखा फिरूनही तापली असती तर? थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाणी तापवून त्यात टाकायचा. बहुतेक गाड्यांत तो ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. पाणी उकळलं तरी मिटलेलाच राहिला तर गेला समजायचं. बोअरचं पाणी घातलं की रेडिएटरमध्ये तसाच क्षार बसतो जसा आपल्या हंड्यात. म्हणून कूलंट घालायचं, गाडीच्या पुस्तकात सांगितलं असेल तेच. ते चवीला गोड पण विषारी असतं, मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही. आणि पंखा इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो. तेव्हा पदर खोचायचा, ओढणी काढून ठेवायची, वेणी आत.

हे ऐकून चळवळीतल्या एका जुन्या मैत्रिणीने मला सुनावलं, "गाडी हा मध्यमवर्गाचा प्रश्न आहे, बाईचा नाही." बाई, ती गाडी कोर्टात कोणाला घेऊन चालली होती? शिबिरांत आपण शरीराची ओळख करून घेतो. डॉक्टरच्या हातातलं ज्ञान परत मागतो, कायद्याची कलमं पाठ करतो. पण गावातली पिठाची गिरणी, शेतावरचा पंप, संस्थेची गाडी बिघडली की "दादाला बोलवा". ड्रायव्हिंग शिकवणारे प्रकल्पसुद्धा बाईच्या हातात स्टिअरिंग देतात आणि पान्हा मात्र देत नाहीत.

हे अंतर आपोआप पडलेलं नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमातलं २२वं कलम काढून वाचा. चालू यंत्राची तपासणी किंवा वंगण करायचं असेल, तर ते खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने करावं, आणि त्याला अंगासरशी कपडे मालकाने द्यावेत, असं तिथे लिहिलेलं होतं. बाईने चालत्या यंत्राची सफाई वा वंगण करायचंच नाही. धोका दोघांनाही तोच. पुरुषाला प्रशिक्षण आणि कपडे मिळाले, बाईला मनाई. संरक्षणाच्या नावाखाली आपल्याला काय काय नाकारलं गेलं, त्याचा हिशेब आपण याही बाजूने मांडायला हवा.

आणि इतिहास तरी कुठे वेगळं सांगतो? १८८८ साली बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, त्याला न सांगता, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास. इंजिन गार ठेवायला वाटेत वारंवार पाणी भरावं लागत होतं. इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. तिला कोणी "ताई, बाजूला व्हा" म्हटलं असेलही. ती झाली नाही.

पुढच्या कार्यकर्ता शिबिरात कायद्याच्या सत्रानंतर एक पूर्ण दुपार आमची तीच गाडी अंगणात बॉनेट उघडून उभी असेल. शिकवायला आगारातली मैत्रीण येणार आहे. येताना जुनं फडकं आणि बॅटरी आणा. दोन महिने तारखेची वाट पाहिलेली ती बाईही येते आहे. पहिला पान्हा तिच्या हातात द्यायचं ठरलंय.