शांतिसेना कोणती आणि स्वारी कोणती?

सैनिकाच्या हातातील बंदूक पाहून तो शांतिरक्षक आहे की आक्रमक, हे ठरविता येत नाही. तो कोणाच्या हुकमाने आला, ज्याच्या भूमीवर उभा आहे त्याची संमती होती काय, आणि ‘जा’ म्हटल्यास तो जाईल काय, हे विचारावे लागते. या प्रश्नांची उत्तरे १९५६ साली सुवेझच्या काठी जितकी स्वच्छ मिळाली तितकी क्वचितच मिळतात.

इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी २६ जुलै रोजी कालव्याच्या कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. २९ ऑक्टोबरला इस्रायलने सिनाईवर चाल केली आणि दुसऱ्याच दिवशी ब्रिटन व फ्रान्स यांचा निर्वाणीचा खलिता आला: दोन्ही सैन्यांनी कालव्यापासून दहा मैल दूर व्हावे. ज्याच्या घरावर दरोडा पडला त्यानेच अंगण सोडावे, असा हा न्याय! हा सारा बनाव २४ ऑक्टोबरलाच फ्रान्समध्ये सेव्र येथे तिघांनी गुप्त करार करून रचला होता. ५ नोव्हेंबरला पोर्ट सईद येथे छत्रीधारी सैनिक उतरले. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी या कृत्यास ‘पोलिसी कारवाई’ म्हटले. न्यायालयाचे वॉरंट नसलेला हा पोलीस कसला?

त्याच महिन्यात त्याच शहरात दुसरे सैनिक आले. सुरक्षा समितीत ब्रिटन-फ्रान्सने नकाराधिकार वापरल्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ही सेना उभारली. तीत बड्या राष्ट्रांचा एकही शिपाई नव्हता. भारताचे जवान मात्र होते. स्वसंरक्षणाखेरीज गोळी झाडण्याची त्यांना मुभा नव्हती. इजिप्तने संमती दिली म्हणून ते इजिप्तमध्ये राहिले. इस्रायलने नाकारली, म्हणून त्याच्या हद्दीत गेले नाहीत.

मे १९६७ मध्ये इजिप्तने ही सेना काढून घ्या म्हटले आणि सरचिटणीस ऊ थांट यांनी ती काढून घेतली. जूनमध्ये युद्ध पेटले. यास्तव अनेकांनी थांट यांना दोष दिला. परिणाम भयंकर झाला, हे आम्हीही नाकारीत नाही. तथापि यजमानाने निरोप दिल्यावरही ती सेना ठाण मांडून बसती, तर तिच्यात आणि १९५६ च्या छत्रीधाऱ्यांत कायद्याच्या दृष्टीने कोणता भेद उरला असता?

ही युक्ती जुनी झालेली नाही. २१ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या अध्यक्षांनी युक्रेनच्या दोनेत्स्क व लुहान्स्क प्रदेशांत ‘शांतिरक्षणार्थ’ सैन्य धाडण्याचा हुकूम काढला. युक्रेनची संमती नव्हती, संयुक्त राष्ट्रांचा ठराव नव्हता. असे सैनिक शांतिरक्षक नव्हेतच, हे सरचिटणीस गुटेरेस यांनी दुसऱ्याच दिवशी बजाविले. २४ तारखेस रशियाचे रणगाडे कीव्हच्या रोखाने निघाले.