कोपीचा नकाशा कुणी काढायचा?

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत हल्ली ‘फिरत्या घरा’ची चित्रं येतात. मोठी व्हॅन किंवा छोटी बस आतून बदलून घ्यायची, तिच्यात पलंग, ओटा, कपाटं बसवायची आणि कुटुंबासह फिरायला निघायचं. महाराष्ट्र शासनानं २०२१ साली अशा गाड्यांसाठी कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणही आणलं. गाडीत झोपायची सोय, स्वयंपाकाची जागा, बसायला सोफा, टेबल आणि संडास असावा, हे त्यात धरलेलं आहे. पर्यटकाच्या चार रात्रींच्या मुक्कामाचा एवढा विचार झाला, याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न दुसऱ्या एका फिरत्या घराबद्दल आहे.

हे दुसरं घर दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड, कंधार, लोहा आणि लातूर जिल्ह्यातल्या जळकोट, अहमदपूर या तालुक्यांतून निघतं. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, गोधड्या, पाण्याचा ड्रम, सरपण, एखादी शेळी, आणि या सगळ्यावर बसलेली म्हातारी माणसं नि लेकरं. कारखान्याच्या तळावर किंवा एखाद्या गावाबाहेरच्या रानात पोचलं की बांबू, पाचट आणि ताडपत्रीची कोपी उभी राहते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, कुटुंबाचं घर तेच. टोळीतली माणसं असतील तर एका गावचा ऊस संपला की कोपी मोडायची, ट्रॉलीत टाकायची आणि पुढच्या गावी पुन्हा उभी करायची. फिरतं घर म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पण या घराच्या आत काय असावं, हे कुठल्या कागदावर कुणी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

एम. एस. डब्ल्यू. करताना ‘घरांचा प्रश्न’ मी शिकले तो शहरातल्या झोपडपट्ट्यांच्या संदर्भात. गेली काही वर्षं या दोन जिल्ह्यांत ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या बैठका घेताना तो मला नव्यानं शिकावा लागला. मागच्या हंगामात आम्ही काही कोप्या चक्क टेपनं मोजल्या. बहुतेक कोप्या दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद, ताठ उभं राहता येईल एवढी उंची फक्त मधोमध. म्हणजे ऐंशी चौरस फूट. आता गंमत पाहा. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीचं फिरतं घर करायचं तर चालकाच्या मागे उरणारी जागाही साधारण ऐंशी-नव्वद चौरस फूटच भरते. एकीत पलंग, ओटा, कपाट आणि संडास बसतो. दुसरीत बाईला लुगडं बदलायला आडोसा मिळत नाही. तेव्हा “जागाच नाही हो, ताई” हे मुकादमांचं ठरलेलं उत्तर मला पटत नाही. दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे खरं. पण आडोसा, फळी आणि दाराला कडी या काही लाखांच्या गोष्टी नव्हेत.

लहान घरात तीन गोष्टींची ओढाताण असते: झोप, सामान आणि वावर. एकीला फूटभर जागा दिली की ती दुसरीच्या वाट्यातून जाते. फिरत्या घराचे कारागीर यावर तोडगा काढतात तो एका जागेकडून दोन कामं करून घेण्याचा. दिवसा बाक, रात्री तोच उघडून पलंग, आणि त्याच्या पोटात सामान. सहलीला गेलेल्यांना ही रोजची मांडामांड मजेची वाटते. कोपीतही रोज मांडामांड असतेच. पहाटे तीन-चारला उठून अंथरुणं गुंडाळायची, पोती सरकवायची, चूल पेटवायची, भाकरी थापायच्या आणि उजाडायच्या आत फडावर जायचं. रात्री परत तेच उलट्या क्रमानं. मध्येच ट्रक भरायला आला तर निजलेली लेकरं ओलांडून मोळ्या वाहायला बाहेर पडायचं. ही मांडामांड कुणी करायची, याचा वाद कुठल्याच कोपीत होत नाही. जागा दुहेरी वापरायची म्हणजे बाईचं काम दुहेरी होणार, हे आपण घरांच्या नकाशांबद्दल बोलताना नेहमी विसरतो.

म्हणून आम्ही एक साधा प्रयोग केला. जळकोट तालुक्यातल्या एका गावी शाळेच्या पटांगणात रांगोळीनं खऱ्या मापाची कोपी आखली आणि पंधरा-वीस बायकांना म्हटलं, यात तुमचं घर मांडा. पहिला वाद झाला तो पोत्यांवरून. मुक्कामाच्या गावी महाग पडतं म्हणून चार-पाच महिन्यांचं धान्य घरूनच नेलेलं असतं. ते भुईवर ठेवलं की ओल लागते, उंदीर लागतात, अवकाळी पाऊस आला की भिजतं. बोलता बोलता बायकांनीच उत्तर काढलं. एका बाजूला दोन फूट उंचीचा फळ्यांचा माचा कायमचा घालायचा, खाली पोती आणि पेटी, वर अंथरूण. अंथरूण रोज गुंडाळायला नको, विंचू-सापाची भीती कमी, धान्य कोरडं. पण मग निम्मी जमीन माच्यात गेली. स्वयंपाक कुठं करायचा? चूल दाराबाहेर घ्यायची, वर पुढं काढलेल्या ताडपत्रीची पडवी, आणि पाचट पेटू नये म्हणून चुलीमागे पत्रा. दिवसा बसायला माच्याची कड.

दुसरा वाद पडद्यावरून. नव्या सुना म्हणाल्या, आत आडवा पडदा पाहिजेच. सासवा म्हणाल्या, पडद्यानं हवा कोंडते आणि पलीकडं लेकरू काय करतंय ते दिसत नाही. दोघींचंही खरं होतं. अर्ध्या तासानं ठरलं की पडदा असावा पण दोरीवर सरकणारा, आणि तो ओढायचा की नाही हे बाईनं ठरवायचं. न्हाणीबद्दल मात्र वाद नव्हता. कोपीच्या मागच्या अंगाला तिन्ही बाजूंनी बंद, आतूनच जाता येईल अशी चार फुटांची न्हाणी सगळ्यांनाच हवी होती. चार काठ्यांना लुगडं बांधून अंधारात आंघोळ उरकण्याचा कंटाळा प्रत्येकीच्या बोलण्यात होता. संडास घरात नको, पण तीन-चार कोप्यांत एक, कडी आणि दिवा असलेला हवा.

शेवटी मी विचारलं, “यात तुमची स्वतःची बसायची जागा कुठली?” एक मावशी हसून म्हणाल्या, “आम्ही कोपीत बसतोत कवा, ताई? पडायपुरतं तर येतोत.” सगळ्याजणी हसल्या. पण कोपीत दिवसभर असणाऱ्या बायकाही असतातच. दिवस भरत आलेली असते, बाळंतीण असते, ताप आलेली असते, पाळी आलेली असते. धाकट्या भावंडांना सांभाळायला ठेवलेली बारा-तेरा वर्षांची पोर असते, आणि दाराला कडी नसते. मुलीचं लग्न लवकर का उरकलं असं आया-बापांना विचारलं की पुष्कळदा एकच उत्तर येतं: कोपीवर तिला एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर? बालविवाहाविरुद्धच्या आपल्या भाषणांत या कडीचा उल्लेख क्वचितच असतो.

आरोग्याचंही तसंच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या प्रश्नामागे दवाखान्यांचा धंदा आहे, खाडा झाला की कापला जाणारा पैसा आहे, लहान वयातली लग्नं नि बाळंतपणं आहेत. आणि पाळीत धुवायला पाणी नाही, कपडा उन्हात वाळवायला जागा नाही, हेही आहे. न्हाणी ही चैनीची बाब आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एक हंगाम तळावर काढून पाहावा.

घराचा नकाशा बाईला विचारून काढायचा, ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बावन्न गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं. घरांची मापं ठरली ती जमिनीच्या हिशेबानं: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या जमीनदारांना ७५०. म्हणजे घरात माणसं किती, बाया किती, धान्य साठवायचं किती, यावर माप ठरलं नाही. सरळ रस्ते आणि एकसारख्या रांगांच्या त्या गावांत बायकांचं अंगण, शेजार, गुरांची नि सरपणाची जागा गेली, आणि लोकांना घराला जोडून पत्रे, आडोसे उभे करावे लागले. त्याच काळात दुसरं उदाहरणही घडलं. जी गावं हलवायची नव्हती तिथल्या घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकारानं शेकडो गावांतल्या महिला मंडळांच्या बायका संवाद सहायक झाल्या. घराची मजबुती कशानं येते हे त्या शिकल्या, इतरांना समजावलं, बांधकामावर लक्ष ठेवलं. चूल-मूल सांभाळणाऱ्या बायकांना बांधकामातलं काय कळतं, याचं उत्तर लातूर जिल्ह्यानं तेव्हाच दिलेलं आहे.

आता आपल्यातल्याच काही मैत्रिणींचा आक्षेप. त्या म्हणतात, “कोपी सुधारणं म्हणजे उचलीच्या गुलामीला रंगरंगोटी करणं. मागणी मजुरीची हवी, गावातच काम मिळण्याची हवी.” आक्षेप वजनदार आहे. उचल आणि स्थलांतर संपलंच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण ते संपेपर्यंत ज्या पोरीला यंदा कोपीत निजायचंय तिला थांब म्हणायचं का? शिवाय मजुरीच्या प्रत्येक वाटाघाटीत पुरुष पुरुषांशी बोलतात. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पण उचलीच्या करारावर अंगठा किंवा सही बहुधा एकट्या नवऱ्याची. कोपीच्या नकाशावर बोलायला बायका पहिल्यांदा न बिचकता पुढं आल्या, कारण त्या विषयात त्यांच्याहून जास्त कुणालाच कळत नाही. त्याच बैठकीत पुढं प्रश्न निघाला की करारावर आपलं नाव का नाही. संघटना अशीही बांधली जाते.

दुसरा आक्षेप कारखान्यांच्या बाजूचा: कारखान्यांनी पक्क्या खोल्या बांधल्या की झालं. मोठ्या तळांवर, जिथं गाडीवाले हंगामभर एका जागी राहतात, तिथं पक्क्या खोल्या हव्यातच. पण टोळ्या गावोगाव हलतात. त्यांना हवं ते ट्रॉलीत मावणारं, दोन माणसांना तासाभरात उभं करता येईल असं लोखंडी नळ्यांचं घडीचं घर: माचा, पडदा, न्हाणी, कडीचं दार आणि सौर दिव्यासकट. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या दर टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर शासनानं घालायची, असं ठरलेलं आहे. या पैशातून असं घर का होऊ नये? लातूर जिल्हा तर ऊसतोड मजूर बाहेर पाठवतोही आणि स्वतःच्या कारखान्यांवर बोलावतोही. सुरुवात इथूनच व्हायला हरकत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, मुखेड-कंधारपासून अहमदपूर-जळकोटपर्यंत ज्या ज्या गटांचं काम आहे त्यांना माझी एक विनंती. उचल वाटली जाते ती पावसाळ्यात. त्याआधीच, आखाडाच्या सुमाराला, आपापल्या गावात रांगोळीची कोपी आखा. म्हाताऱ्या, सुना आणि पोरी, तिघींनाही त्यात उभं करा आणि पोरींना आधी बोलू द्या. निघेल तो नकाशा कागदावर उतरवा, प्रत्येकीची सही किंवा अंगठा घ्या. एक प्रत महामंडळाला, एक कारखान्याला, आणि एक उचलीच्या कराराला टाचून मुकादमाच्या हातात. घर कसं मिळणार हे लिहून दिल्याशिवाय आणि करारावर बाईचं नाव चढल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही, एवढा निर्धार एका गावानं केला तर ट्रॉली थोडी उशिरा निघेल. तोडणीला माणसं तर कारखान्यालाही हवीच आहेत.