वारसदार शेतात आली, पण रान कुणाच्या नावावर?

(पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.)

परवा रविवारी गावी होतो. रात्री जेवणं झाल्यावर आईसोबत टीव्हीवर एक डब केलेला सिनेमा बघत बसलो. नाव सांगत नाही, कारण नावाला महत्त्व नाही. या साच्याचे डझनभर सिनेमे तुम्हीही बघितले असतील. अब्जाधीश घराण्याची एकुलती एक वारसदार. आजोबा मरताना मृत्युपत्रात अट घालून जातात की सहा महिने शेतावर राहून काम कर, मगच इस्टेट मिळेल. पोरगी उंच टाचांचे बूट घालून शेतात उतरते, चिखलात पडते, गाय तिला लाथ मारते, कोंबडी मागे लागते. शेजारच्या शेतातला रांगडा तरुण आधी हसतो, मग शिकवतो, मग प्रेमात पडतो. शेवटी पोरगी शहरातला होणारा नवरा सोडते आणि याच्याशी लग्न करते. गोड शेवट.

सिनेमा वाईट नव्हता. मीही हसलो. आई मात्र भलत्याच गोष्टी बघत होती.

"खुरपं बघ कसं धरलंय. बोट कापून घ्यायची पोरगी."

थोड्या वेळाने, "पहिल्या दिवशी सगळ्याच हसत्यात. चौथ्या दिवशी दाखवा म्हणावं कंबर."

आणि सिनेमा संपल्यावर, उठता उठता, "लगीन झालं ते बरं झालं. पण रान? रान कुणाच्या नावावर ऱ्हायलं?"

मी म्हटलं, "आई, ते दाखवत नाहीत गं."

"तेच तर," म्हणाली आणि झोपायला गेली.

मला काही झोप लागली नाही.

हा साचा आजचा नाही. मुळात जायचं तर शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'पर्यंत जावं लागतं. श्रीमंत बापाची तोंडाळ लेक आणि तिला 'सरळ' करणारा नवरा. वा. बा. केळकरांनी त्याचंच मराठीत 'त्राटिका' केलं आणि आपल्या पणजोबांच्या पिढीने ते डोक्यावर घेतलं. 1972 साली तमिळमध्ये 'पट्टिकाडा पट्टणमा' आला. त्यात परदेशात शिकून आलेली श्रीमंत घरातली जयललिता आणि गावाकडचा शिवाजी गणेशन. 1983 च्या 'बेताब'मध्ये सनी देओल आणि अमृता सिंग, तिथेही श्रीमंत बापाची गर्विष्ठ मुलगी आणि कष्टाळू मुलगा. 1992 च्या 'एक लडका एक लडकी'त तर वारसदार मुलीची स्मृतीच जाते आणि तिला घरकामाला जुंपलं जातं. ती कल्पना 'ओव्हरबोर्ड' या अमेरिकन सिनेमावरून आलेली. आणि 2003 साली अमेरिकेत सिनेमाचंही निमित्त उरलं नाही. हिल्टन हॉटेलवाल्या घराण्यातल्या पॅरिस हिल्टनला आणि तिच्या मैत्रिणीला खरोखर आर्कान्सामधल्या एका शेतकरी कुटुंबात ठेवलं, कॅमेरे लावले आणि 'द सिंपल लाइफ' नावाने टीव्हीवर दाखवलं. लोकांनी आवडीने बघितलं.

आता याच्या शेजारी 1989 चा 'मैंने प्यार किया' ठेवून बघा. तिथे श्रीमंत बापाचा मुलगा आहे. त्याला अट आहे की महिनाभर स्वतःच्या कष्टाने दोन हजार रुपये कमव, मग मुलगी देतो. सलमान खान राबतो, घाम गाळतो. कुणी हसतं का? नाही. त्याचं काम म्हणजे त्याच्या प्रेमाचा पुरावा. आणि मुख्य म्हणजे, त्याच्या कष्टाचे पैसे मोजले जातात. एकेक नोट.

पोरीने शेतात काम केलं तर विनोद, पोराने मजुरी केली तर तपश्चर्या. वारसदार पोरीची हजेरी कुठल्याच सिनेमात कुणी लिहून ठेवत नाही. तिचं काम म्हणजे तिची शिक्षा, नाहीतर तिचं शिक्षण. कमाई कधीच नाही.

तरीही ती पोरगी चिखलात पडून हसू शकते. का? कारण तिला परत जायला घर आहे. गाडी येणार आहे. नावावर इस्टेट आहे, किंवा होणार आहे. ज्या माणसाला कधीही निघून जाता येतं, त्याला चिखलाची गंमत वाटते.

आता आपल्याकडे या. आणि 'वारसदार' हा शब्द जरा नीट घ्या. हा शब्द ऐकला की आपल्याला बंगला आणि लाल गाडी दिसते. पण कायद्याने आपल्या गावातली शेतकऱ्याची प्रत्येक लेक वारसदार आहे. हिंदू कुटुंबांपुरतं बोलायचं तर महाराष्ट्राने 1994 लाच वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क द्यायला सुरुवात केली. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो देशभर दिला. ऑगस्ट 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने साफ सांगितलं की हा हक्क जन्मानेच मिळतो, 2005 साली बाप हयात असो वा नसो. म्हणजे कागदावर आपल्याकडे घरोघरी वारसदार आहेत.

मग त्या जातात कुठे? तहसीलच्या गावी, दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात. हक्कसोडपत्रावर सही करायला.

माझ्या दोन्ही आत्या तशाच गेल्या होत्या. मी तेव्हा नववीत होतो, सोबत नेलं होतं. सही झाल्यावर सगळ्यांनी भजी खाल्ली, आत्यांना साड्या घेतल्या. धाकटी आत्या परत येताना जीपमध्ये गप्प होती. मी विचारलं तर म्हणाली, "काय न्हाय रे. माहेर तुटू नये म्हणून करायचं असतं." तेव्हा कळलं नाही. आता कळतं की तो व्यवहार होता. जमीन द्या आणि दिवाळीला यायची परवानगी घ्या.

सासरी काय होतं? तिथे ती वारसदार नसते, राबणारी असते. आपल्या देशात खेड्यातल्या काम करणाऱ्या बायकांपैकी चारातल्या तीन शेतीत आहेत. आणि 2015-16 च्या कृषी गणनेनुसार बायकांकडची वहिवाटीची खाती किती? शंभरात सुमारे 14. ऊसतोडीला तर नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात. उचल नवऱ्याच्या हातात, मोळी बायकोच्या डोक्यावर.

नाव नसल्याने काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो. सातबाऱ्यावर नाव नाही तर स्वतःच्या नावाने पीककर्ज नाही. पीएम किसानचे वर्षाचे 6000 नाहीत. नवऱ्याने टाकलं तर उभं राहायला बांध नाही. 2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं म्हणून जाहीर केलंय. सत्कार होतील, फेटे बांधले जातील. पण तलाठ्याच्या दप्तरात बाई शेतकरी नसते, शेतकऱ्याची बायको असते.

आता मला जे खरं म्हणायचंय ते. गावोगावी पोरांची लग्नं होत नाहीत म्हणून ओरड आहे. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात पोरांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. 'नवरदेव बीएस्सी ॲग्री'सारखा सिनेमाही या दुखण्यावर निघाला. सगळ्यांचा सूर एकच, आजकालच्या पोरींना शेतकरी नवरा नको, त्यांना पुण्या-मुंबईचा पगारवाला पाहिजे. जयंत सोमलकरांच्या 'स्थळ'मध्ये मात्र कॅमेरा पोरीच्या बाजूने लावलाय. ज्यांनी बघितला नसेल त्यांनी जरूर बघा.

मी एवढंच विचारतो. पोरीने शेतात का यावं? तिने आईला बघितलंय. पहाटे उठून धारा, दुपारी भांगलण, संध्याकाळी सरपण आणि चूल. काम तिचं, नाव दुसऱ्याचं. शेतमालाला भाव नाही हे कारण आहेच, मी नाकारत नाही. पण तोट्याच्या धंद्यात भागीदारही न होता नुसतं राबायला कोण येईल? सिनेमातली वारसदार शेतात रमते, कारण मालकी तिची असते किंवा होणार असते. आपण पोरीला रमायला सांगतो आणि मालकीचं नाव काढत नाही.

मला माहितीय कॉमेंटमध्ये काय येणार. "आधीच दोन एकर, त्यात बहिणींना वाटे दिले तर राहील काय?" प्रश्न खरा आहे. पण तीन भावांत वाटे करताना हा प्रश्न कुणाला पडत नाही, बहिणीचं नाव निघालं की पडतो. "म्हाताऱ्या आईबापाला भाऊच सांभाळतो." बरोबर. पण त्यांचं अंथरूण-पांघरूण बघते ती भावाची बायको, आणि तिचंही नाव सातबाऱ्यावर नाही. एवढं तरी करता येईल ना?

आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1986 साली चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं. पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली की बायकोच्या नावावर जमीन करा, दान म्हणून नव्हे, तिचं देणं म्हणून. अनेक गावांतल्या साध्या, अर्धशिक्षित शेतकऱ्यांनी ते करून दाखवलं. नंतर सरकारनेही त्याच नावाची योजना आणली. नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. कायदा आहे, योजना आहे. अडतं ते घरात.

माझ्याच घरात अडलंय. त्या रात्री मोबाईलवर आमचा सातबारा काढला. साडेतीन एकर. अण्णांचं नाव, चुलत्यांचं नाव, सोसायटीचा बोजा. आई 36 वर्षं त्या रानात राबतेय. कुठल्या बांधाला हरळी जास्त आहे, कुठे पाणी तुंबतं, सगळं तिला पाठ. उताऱ्यावर ती कुठेच नाही. सकाळी अण्णांजवळ विषय काढला. अण्णा वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "कागदात काय हाय? सगळं तिचंच हाय की." मी म्हटलं, मग कागदावर घ्यायला काय हरकत आहे? त्यावर म्हणाले, "बघू."

आमच्या घरात 'बघू'चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. पण या वेळी मी अर्जाचा कागद आणून देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय. आई रोज उदबत्ती लावताना बघते, काही बोलत नाही.

तुम्हीही एक काम करा. तुमच्या घरचा सातबारा काढा आणि त्यावर किती बायकांची नावं आहेत तेवढा आकडा खाली लिहा. भांडण नको, भाषण नको. नुसता आकडा. शून्य असेल तर शून्य लिहा, मीही तेच लिहिणार आहे.