कार्डाला पाठ असते

जुनी सिगारेट कार्डं पुठ्ठ्यावर चिकटवायची, पुढून काच लावायची, मागून हार्डबोर्ड ठोकायचा आणि भिंतीवर टांगायची, हा उद्योग बंद झाला पाहिजे. सौंदर्यदृष्टीच्या नावाखाली आपण एका वस्तूचा अर्धा भाग कायमचा गाडतोय आणि त्याला ‘जतन’ म्हणतोय.

ज्यांनी ही कार्डं कधी हातात घेतली नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असायची आणि खिशात चुरगळायची. पाकीट ताठ राहावं म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालत. अमेरिकेत ॲलन अँड गिंटरसारख्या कंपन्यांनी त्या तुकड्यावर चित्रं छापायला सुरुवात केली. मग ब्रिटनमध्ये विल्स, प्लेयर, गॅलहर या कंपन्यांनी पंचवीस-पन्नास कार्डांच्या मालिका काढल्या. मालिका पूर्ण करायची तर तीच सिगारेट पुन्हा घ्यायला हवी. घरातली पोरं मोठ्यांच्या पाकिटातली कार्डं मागून घ्यायची आणि आपापसांत बदलायची. आपण चिप्सच्या पाकिटातले टाझो जमवले ना? ही त्यांची पणजोबा.

नेहमीच्या ब्रिटिश कार्डाचा आकार साधारण ६८ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या डेबिट कार्डापेक्षाही लहान. पुढे रंगीत चित्र. मागे मालिकेचं नाव, कार्डाचा क्रमांक, माहितीचा मजकूर आणि कंपनीचं नाव. एवढ्याशा जागेत दोन्ही बाजू कामाला लावलेल्या.

आता पाठ काढून घेतली की काय उरतं ते बघा. गॅलहर कंपनीने १९१० च्या दशकात ‘हाऊ टू डू इट’ नावाची मालिका काढली होती. शंभर वर्षांपूर्वीचे ‘लाइफ हॅक्स’ म्हणून ती इंटरनेटवर मध्ये बरीच फिरली. त्यातल्या एका कार्डावर बाटलीच्या तोंडावर हात दाबून धरलेला दिसतो. शीर्षक सांगतं की हे हातात घुसलेलं कुसळ काढायचं चाललंय. पण कसं? ते मागे लिहिलंय: रुंद तोंडाची बाटली गरम पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरा आणि दुखरा भाग तिच्या तोंडावर घट्ट दाबा. हे कार्ड चिकटवून टाकलं की भिंतीवर एक हात आणि एक बाटली उरते. कोडं टांगलंय आणि उत्तर गोंदात बुडवलंय.

तसंच विल्सने १९३८ साली काढलेल्या ‘एअर रेड प्रिकॉशन्स’ मालिकेचं. युद्धाची चाहूल लागलेली, बॉम्बहल्ल्यात घर कसं वाचवायचं, गॅस मास्क कसा वापरायचा हे लोकांना सांगायचं होतं. पुढे चित्र, मागे सूचना. नुसता पुढचा भाग लावलात तर एका घाबरलेल्या समाजाची कामाची कागदपत्रं ‘क्यूट व्हिंटेज’ होऊन बसतात.

चित्र महत्त्वाचं आणि पाठ फालतू, असं म्हणणाऱ्यांनी निदान बाजाराचं तरी ऐकावं. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात तंबाखूच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची जी कार्डं आली, त्यांना संग्राहक ‘टी२०६’ म्हणतात. यातलं होनस वॅग्नरचं एक कार्ड २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं. पण मला जास्त भावतं ते टाय कॉबचं लाल पार्श्वभूमीचं कार्ड. तेच चित्र, तोच खेळाडू. मागे पिडमॉन्ट सिगारेटची जाहिरात असेल तर ते तुलनेने सहज मिळतं. मागे खुद्द टाय कॉबच्या नावाच्या तंबाखूची जाहिरात असेल, तर तशी कार्डं जगात मोजकीच आहेत आणि किंमत कित्येक पट. फरक फक्त पाठीचा. म्हणूनच कार्डांना दर्जा देणाऱ्या कंपन्या पाठही तपासतात आणि कार्ड दोन्ही बाजूंनी पारदर्शक असलेल्या प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. पैशांचा प्रश्न आला की पाठ बरोबर दिसते.

पण माझा मुख्य राग पैशांसाठी नाही. विल्सच्या ‘सिझर्स’ म्हणजे कात्री छाप सिगारेटबरोबर भारतीय पलटणींची कार्डं निघाली होती. पुढे गणवेशातला रुबाबदार शिपाई, मागे सिगारेटचं नाव. ब्रिटिश साम्राज्याचा शिपाई हा ब्रिटिश तंबाखूच्या विक्रीचा चेहरा होता, हे त्या दोन बाजू एकत्र पाहिल्यावरच कळतं. नुसता शिपाई फ्रेम करून कॅफेत लावला की उरतो फेटा, मिशी आणि ‘हेरिटेज’. जाहिरातीची कला होते, गिऱ्हाइकाला ओढायची युक्ती स्मरणरंजन होते. कार्डाची पाठ म्हणजे त्या चित्राचं बिल आहे. बिल लपवणारी सजावट मला मान्य नाही.

ही सवय जुनी आहे हेही खरं. १९३० च्या दशकात कंपन्यांनीच मागे गोंद लावलेली कार्डं काढली. पेनीभर किमतीचा अल्बम घ्या, पाठ ओली करा, चिकटवा. मागचा मजकूर त्यांनी निदान अल्बमच्या पानावर पुन्हा छापला होता. म्हणजे पाठ झाकायची तर तिचा मजकूर दुसरीकडे द्यायला हवा, एवढी अक्कल सिगारेट विकणाऱ्यांनाही होती. अमेरिकेतले थोर संग्राहक जेफरसन बर्डिक यांनी तीन लाखांहून अधिक कार्डं आणि छापील चिटोरी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिली. संधिवाताने हात वाकडे झालेले असताना १९६३ पर्यंत ते अल्बममध्ये चिकटवत बसले. त्यांच्यामुळे हा ठेवा वाचला, त्यांना सलाम. पण चिकटवलेल्या कार्डाची पाठ कागदाआड जाते, मग चिकटवणारा कितीही थोर असो.

आपल्याकडे या विषयावर बोलायला गेलं की समोरचा गोंधळतो. मी एका फ्रेमवाल्या काकांना विचारलं, “काका, मागूनही दिसेल अशी फ्रेम कराल का?”

“मागे काय बघायचंय, दादा? तिकडे भिंतच असणार ना!”

काकांचा तर्क चोख आहे. पत्त्यांच्या खेळाने आपल्याला तेच शिकवलंय. सावंतवाडीच्या गंजिफांचीही पाठ सारखीच ठेवावी लागते, नाहीतर समोरच्याला पान ओळखू येईल. तिथे पाठीने गप्प बसायचं असतं. जमवायच्या कार्डाची पाठ मात्र बोलण्यासाठीच छापलेली असते.

आणि काम अजिबात अवघड नाही. आम्लविरहित माउंटबोर्डाचे दोन तुकडे घ्या. दोन्हींत कार्डापेक्षा किंचित लहान खिडकी कापा, प्रत्येक कडेला जेमतेम एक मिलिमीटर दबेल इतकीच. कार्ड मधे ठेवा. पुढे काच, मग माउंट, कार्ड, माउंट, पुन्हा काच. कार्ड कडांवर धरलं जातं, गोंदाचा थेंबही लागत नाही. माउंटच्या जाडीमुळे काच कार्डाला टेकत नाही, त्यामुळे दमट हवेत ते काचेला चिकटण्याची भीती कमी. फ्रेमची पट्टी तेवढी खोल खाचेची हवी. भिंतीचा प्रश्न? फ्रेम टेबलावर उभी करा, किंवा दाराच्या झडपेसारखी एका बाजूने बिजागरीवर लावा. तेही नको तर खिळ्यावरून उतरवून उलटता येईल एवढी हलकी ठेवा.

“दोन्ही बाजूंनी उजेड लागला तर रंग उडेल ना?” हा आक्षेप रास्त आहे. अतिनील किरण अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक वापरा, आणि फ्रेम उन्हात ठेवू नका. कार्ड फारच दुर्मीळ असेल तर फ्रेमच करू नका. पारदर्शक पॉलिस्टरच्या खिशात, अल्बममध्ये, अंधारात ठेवा. पान उलटलं की पाठ हजर.

“आम्हाला फक्त चित्र आवडतं” असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. या मालिकांच्या हजारो प्रतिमा संग्रहालयांच्या साइटवर आहेत. चांगली प्रिंट काढा, चिकटवा, हवं तर लॅमिनेट करा. त्यासाठी शंभर वर्षं टिकलेली अस्सल वस्तू कशाला मारायची? एखाद्या पोराने पेन्सिलीने मागे लिहिलेलं नाव, एखादा डाग, हे सगळं त्या एकाच प्रतीवर असतं.

मी पोटापाण्यासाठी डेटाबेस बांधतो. तिथला साधा नियम असा की टेबलमध्ये ज्या गोष्टीला रकाना नाही ती गोष्ट साठवली जात नाही, आणि काही वर्षांनी ती होती हेही कुणाला आठवत नाही. ऑनलाइन विक्रेते आणि हौशी संग्राहक कार्डाचा एकच फोटो टाकतात तेव्हा हेच होतं. फ्रेमही तसाच एक निर्णय आहे. काय दिसणार हे ती ठरवते, म्हणजे काय विसरलं जाणार हेही तीच ठरवते.

तेव्हा विकत घेणार असाल तर मागचा फोटो मागा. फ्रेम करणार असाल तर दोन काचा मागा, आणि दुकानदार गोंदाची बाटली उघडायला लागला तर कार्ड उचलून परत या. आणि कॅफेत अशी फ्रेम दिसली की कॉफी यायच्या आधी मालकाला एवढंच विचारा, “याच्या मागे काय लिहिलंय?”